मक्याच्या पानावरची उणीव : एका अभ्यासाची प्रस्तावना

जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात सिल्लोड, कन्नड, येवला किंवा चाळीसगाव भागातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात थोडा वेळ उभे राहिले, की एक प्रश्न हमखास कानावर येतो : "मका पिवळा पडलाय, काय मारू?" बहुतेक वेळा उत्तरादाखल एक बाटली किंवा एक पुडी हातात पडते. त्यात पाच-सहा सूक्ष्म अन्नद्रव्ये एकत्र असतात. आठवड्याने पीक हिरवे झाले तर औषध लागू पडले असे मानायचे, नाही झाले तर दुसरी बाटली आणायची. हिरवे झाले ते बाटलीमुळे की मधल्या काळात जमिनीला वाफसा आल्यामुळे, हे कोणालाच सांगता येत नाही. पुढच्या वर्षी त्याच शेतात तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

तो प्रश्न आणि ती बाटली यांच्यामध्ये जे विचारायला हवे, त्याचा हा अभ्यास आहे. पिवळे पडले ते खालचे पान की पोंग्यातले? पानाचा कडेचा भाग की मधल्या शिरेलगतचा? पेरणीला किती दिवस झाले? सगळे शेत तसे आहे, की बांधालगतचा एक तुकडा, की ओळीआड ओळ? या प्रश्नांची उत्तरे द्यायला प्रयोगशाळा लागत नाही. डोळे, एक खुरपे आणि थोडा धीर एवढ्यावर काम भागते. म्हणूनच कृषी पदविकेच्या विद्यार्थ्याइतकेच दहावी शिकलेल्या शेतकऱ्याचेही या विषयात मनापासून स्वागत आहे. शेतकरी रोज शेतात असतो, हा त्याचा लाभ विद्यापीठातल्या माणसाला सहसा मिळत नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्यावी, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. पानावर दिसते ती उणीव पिकाच्या अंगातली असते. ती जमिनीतही असेलच असे नाही. तीन शेतांत मका सारखाच पिवळा दिसू शकतो. पहिल्या शेतात हलक्या मुरमाड जमिनीतून पावसाने नत्र खाली वाहून नेलेले असते. दुसऱ्यात नत्र भरपूर असते, पण भारी काळ्या जमिनीत पाणी तुंबून मुळांचा श्वास कोंडलेला असतो, आणि हवा नसलेल्या मातीत नत्राचा काही भाग वायू होऊन उडूनही जातो. तिसऱ्यात खत वेळेवर पडलेले असते, पण पावसाने ताण दिल्यामुळे ते वरच्या कोरड्या थरात अडकून पडते आणि मुळे ओलाव्याच्या शोधात खाली गेलेली असतात. पहिल्या शेताला खत हवे, दुसऱ्याला आधी चर आणि मग थोडे खत, तिसऱ्याला पाणी. तिन्ही ठिकाणी युरियाचे पोते रिकामे केले, तर दोन ठिकाणी पैसे मातीत गेले.

या विद्येचा इतिहास मोठा आहे. इथे त्याची धावती ओळख पुरे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीत कार्ल स्प्रेंगेल याने, आणि १८४० च्या ग्रंथापासून युस्टुस फॉन लीबिग याने, वनस्पतीचे पोषण खनिज द्रव्यांवर चालते आणि जे द्रव्य गरजेच्या मानाने सर्वांत कमी तेच वाढीला आवर घालते, हा विचार रुजवला. त्याच दशकात फ्रान्समध्ये यूजेब ग्रीस याने पिवळ्या पानांवर लोहाच्या क्षाराचे द्रावण लावून ती हिरवी करून दाखवली. आजच्या फवारणीचा पाया तिथे आहे. १८६० च्या सुमारास युलियस झाक्स आणि विल्हेल्म क्नॉप यांनी मातीला बाजूला सारून नुसत्या पाण्यात क्षार विरघळवून रोपे वाढवली, आणि झाक्सच्या बरण्यांमध्ये मका होता. एकेक क्षार वगळायचा आणि रोप काय दाखवते ते पाहायचे, या साध्या युक्तीतून उणिवेची लक्षणे प्रथम नीट नोंदली गेली. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पिएर माझे याने १९१४-१५ च्या सुमारास जस्ताशिवाय मका वाढत नाही हे मक्यावरच दाखवले. एखादे द्रव्य अत्यावश्यक कधी म्हणायचे, याचे निकष कॅलिफोर्नियातील आर्नन आणि स्टाउट यांनी १९३९ मध्ये घालून दिले. आपल्याकडे यशवंत नेने यांनी १९६६ मध्ये पंतनगरला भाताचा 'खैरा' हा जस्ताच्या उणिवेचा परिणाम असल्याचे दाखवले, आणि पुढच्याच वर्षी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा सूक्ष्म अन्नद्रव्यांवरचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. जमिनीत जस्त कुठे कमी आहे याचे देशभरातले नकाशे आज आपल्या हाती आहेत ते त्या प्रकल्पामुळे.

आता शेतात जाऊ. पानाकडे पाहताना पहिला प्रश्न नेहमी हाच असावा : जुने पान की नवे? झाडाच्या अंगात काही द्रव्ये सहज फिरतात. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही त्यांतली. पुरवठा कमी पडला की झाड खालच्या जुन्या पानांतून ती काढून वरच्या कोवळ्या वाढीला देते. त्यामुळे या चौघांची उणीव आधी खाली दिसते. लोह, जस्त, मँगनीज, तांबे, बोरॉन, आणि बऱ्याच अंशी गंधकही, एकदा पानात स्थिरावली की सहजासहजी हलत नाहीत. त्यांची उणीव पोंग्यात आणि वरच्या पानांत उमटते. एवढ्या एका निकषावर निम्मे संशयित बाद होतात.

दुसरा प्रश्न : पानाचा कुठला भाग? मक्याचे पान लांब, मधली शीर ठळक आणि बाकीच्या शिरा तिला समांतर. त्यामुळे ते या कामासाठी फार चांगले साधन आहे. नत्र कमी पडले की खालच्या पानाच्या टोकाला पिवळेपणा सुरू होतो आणि मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी देठाकडे सरकतो, कडा मात्र बराच काळ हिरव्या राहतात. पान हातात सपाट धरले तर पिवळ्या भागाचा आकार पाचरीसारखा स्पष्ट दिसतो, रुंद बाजू टोकाकडे आणि निमुळती देठाकडे. पालाश कमी पडला तर नेमके उलट होते. टोकापासून कडा पिवळ्या पडतात, मग तपकिरी होऊन करपतात, आणि मधली शीर हिरवी राहते. शिकणाऱ्याने ही दोन पाने एका दुपारी शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. एकदा डोळ्यांत बसली की ती विसरायला होत नाहीत. पालाशाच्या उणिवेत ताटे ठिसूळ होतात आणि काढणीच्या सुमारास वाऱ्याने लोळतात. अमेरिकेत पर्ड्यू येथे जॉर्ज हॉफर याने १९२० च्या दशकात ताट उभे चिरून पेरांच्या सांध्यांत साठलेले लोह रसायनाने रंगवून दाखवले होते. पालाश कमी असलेल्या ताटात ते साठते. ही चाचणी आता कोणी करत नाही, पण ताट चिरून आतला रंग पाहण्याची सवय अजूनही कामाची आहे.

मॅग्नेशियमची उणीव खालच्या पानांत शिरांमधल्या फिकट पट्ट्यांनी दिसते आणि पुढे कडा लालसर होतात. आपल्या काळ्या जमिनींत ती क्वचितच आढळते, कोकणातल्या लाल आम्ल जमिनींत तिची शक्यता अधिक. गंधकाची उणीव मात्र आपल्याकडे वाढती आहे असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण साधे आहे. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरदाबरोबर ११ टक्क्यांच्या आसपास गंधक असतो. डीएपीत तो नाही. जिथे सुपर फॉस्फेटची जागा डीएपीने घेतली, तिथे नकळत गंधकाचा हप्ताही बंद झाला. गंधक कमी असलेले रोप लांबून नत्र कमी असल्यासारखेच फिके दिसते. फरक एवढाच की इथे फिकेपणा वरच्या पानांत अधिक असतो आणि त्यात बारीक रेघा असतात. अशा शेतात युरिया वाढवला तर रोपातला नत्र-गंधकाचा तोल आणखी बिघडतो.

जस्ताकडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण मक्याइतके जस्ताच्या उणिवेला हळवे पीक आपल्याकडे दुसरे फारसे नाही. उगवणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी शेतात जा. पोंग्यातून बाहेर आलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या पानाचा देठाकडचा निम्मा भाग पाहा. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना, शीर आणि कड यांच्या मध्ये, पांढुरका रुंद पट्टा दिसेल. मधली शीर हिरवी, कड हिरवी आणि मध्ये जणू रंगच उडालेला. नत्राचा पिवळेपणा टोकाकडून येतो, हा देठाकडून. पान उन्हासमोर धरले की पट्टा आरपार दिसतो. उणीव फार असेल तर पोंगाच पांढरा होतो आणि पेरे आखूड राहून रोप खुजे दिसते. ढगाळ, थंड, ओल्या दिवसांत हे लक्षण ठळक होते, कारण मुळांची वाढ मंद असते. पुढे ऊन पडले आणि मुळे पसरली की पुष्कळदा रोप आपोआप हिरवे होते. म्हणून जस्ताच्या फवारणीचे श्रेय ठरवताना हवामानाची नोंद हवीच.

आपल्या पठारावरच्या जमिनी बेसाल्ट खडकापासून झाल्या. त्यांतल्या कित्येक चुनखडीयुक्त आहेत, सामू आठच्या आसपास किंवा त्याहून वर. अशा जमिनीत जस्त असूनही बराचसा भाग मुळांना मिळत नाही. त्यातच स्फुरदाची मोठी मात्रा दिली की उणीव आणखी उघडी पडते. जमीन सपाटीकरणात वरचा थर निघून खालची पांढरी माती वर आली असेल तर त्या पट्ट्यात जस्ताची उणीव जवळजवळ ठरलेलीच. शेतातला जो तुकडा दरवर्षी फिका पडतो, तिथे पूर्वी काय होते हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. कधी जुना बांध, कधी बुजवलेली विहीर, कधी जेसीबीने खरवडलेला उंचवटा निघतो.

लोहाची गोष्ट याहून विलक्षण आहे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये लोहाची ऑक्साइडे वजनाने दहा टक्क्यांहून अधिक असतात. अक्षरशः लोखंडावर उभे असलेले पीक लोहाअभावी पिवळे पडते. कारण हवेशीर, चुनखडीच्या मातीत लोह जवळजवळ न विरघळणाऱ्या रूपात असते. द्विदल पिके मुळांभोवतीची माती आम्ल करून लोहाचे रूप बदलतात आणि मग ते आत घेतात. गवतवर्गीय पिकांची रीत वेगळी आहे. ती मुळांतून एक खास संयुग बाहेर सोडतात. ते मातीतल्या लोहाला पकडते आणि मूळ ती जोडी जशीच्या तशी आत ओढून घेते. जपानमध्ये ताकागी यांनी १९७० च्या दशकात ओट आणि भात या पिकांवर हे प्रथम दाखवले. त्याच्या कितीतरी आधी, १९२९ मध्ये, जॉर्ज बीडल यांनी पानांवर पिवळ्या रेघा असलेल्या एका मक्याचे वर्णन प्रसिद्ध केले होते. बीडल पुढे १९५८ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. तो मका हुबेहूब लोहाची उणीव असल्यासारखा दिसतो, पण मातीत लोह कितीही असले तरी सुधारत नाही. लोहाची ती जोडी मुळात ओढून घेणारे प्रथिनच त्याच्यात सदोष असते. ते जनुक २००१ मध्ये ओळखले गेले. म्हणजे एकच लक्षण मातीमुळेही येऊ शकते आणि बियाण्यामुळेही. शेतात हे वेगळे कसे करायचे? बियाण्यातला दोष असेल तर रोपे विखुरलेली असतात, एक पिवळे आणि त्याच्या दोन्ही बाजूंची हिरवीगार. मातीतला दोष पट्ट्यांनी येतो.

लोहाच्या उणिवेत कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग देठापासून टोकापर्यंत सारखा फिका पडतो, त्यामुळे पानभर बारीक समांतर रेघा दिसतात. जस्ताचा पट्टा रुंद आणि देठाकडचा, लोहाच्या रेघा बारीक आणि पूर्ण लांबीच्या, हे लक्षात ठेवले की गोंधळ बराच टळतो. मँगनीजच्या उणिवेत रेघा फिकट हिरव्या आणि पुसट असतात. तांबे आणि मॉलिब्डेनम यांच्या उणिवा मक्यात इतक्या कमी आढळतात की नवख्याने त्यांच्या मागे लागू नये. बोरॉनचे लक्षण पानापेक्षा कणसात दिसते. कणसे आखूड, वाकडी, दाणे विरळ. मात्र परागीभवनाच्या दिवसांत पडलेल्या उष्णतेने किंवा पाण्याच्या ताणानेही नेमके असेच होते. बोरॉनची गरज आणि विषबाधा यांच्यातले अंतर फार कमी आहे, म्हणून माती तपासल्याशिवाय ते देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

स्फुरदाच्या जांभळ्या रंगाने सर्वांत जास्त फसगत होते. रोप लहान असताना खालच्या पानांच्या कडा आणि टोके जांभळी झाली की स्फुरद कमी आहे असे पुस्तकात असते, आणि ते खरेही आहे. पण जांभळा रंग साखर पानात साठल्याने येतो, आणि साखर अनेक कारणांनी साठते. रब्बी मक्यात डिसेंबरच्या थंडीत, ट्रॅक्टरच्या चाकाखाली दबलेल्या ओळीत, हुमणीने मुळे कुरतडल्यावर, तणनाशकाने मुळे आखडल्यावरही रोपे जांभळी होतात. काही संकरित वाणांत तो रंग उपजतच असतो. अशा वेळी खुरप्याने रोप मुळासकट उपसा, मुळे पाण्यात धुवा आणि शेजारच्या हिरव्या रोपाच्या मुळांशेजारी ठेवा. मुळे निरोगी असतील तरच स्फुरदाकडे वळायचे. कारण थंडीचे असेल तर ऊन वाढल्यावर पुढची पाने स्वच्छ हिरवी निघतात.

रोगांशी होणारा घोळही ध्यानात असू द्यावा. केवडा रोगात पानावर फिक्या पट्ट्या पडतात, पण सकाळी दवात पानाच्या खालच्या बाजूला पांढुरकी बुरशी दिसते. करप्याचे ठिपके वेगवेगळे सुटे असतात, पालाशाची करपलेली कड सलग असते. काही तणनाशकांनी पाने काही दिवस पांढरी पडतात. ती फवारणी कधी झाली, पंपाचा पट्टा कुठे दुहेरी पडला, हे विचारले की उलगडा होतो. २०१८ पासून आपल्याकडे आलेल्या लष्करी अळीचे नुकसान तर पोंग्यात विष्ठा आणि छिद्रे पाहून लगेच ओळखता येते. तरीही अळीने खाल्लेल्या शेतावर सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या फवारण्या झालेल्या मी पाहिल्या आहेत.

आता वेळेचा प्रश्न. मक्याचे वय दिवसांपेक्षा पानांवरून मोजावे. ज्या पानाची कॉलर, म्हणजे पाते आणि ताटाला वेढणारा भाग यांच्यामधली फिकी रेघ, स्पष्ट दिसते तेवढीच पाने धरायची. सहा पानांपर्यंत झाडाचा वाढीचा कोंब जमिनीच्या खालीच किंवा जेमतेम पातळीवर असतो. त्याच सुमारास कणसाचा आरंभ होऊन दाण्यांच्या ओळी किती हे ठरायला लागते. प्रत्येक ओळीत दाणे किती, हे तुरा येण्याच्या आठवडाभर आधीपर्यंत ठरत राहते. यावरून उघड होते की जस्ताची चौथ्या-पाचव्या पानावर दिसलेली उणीव लगेच दुरुस्त केली तर पीक ते नुकसान भरून काढते. तीच तुरा आल्यावर दुरुस्त केली तर पाने हिरवी होतील, पण कणसातली जागा आधीच कमी झालेली असते. इलिनॉय विद्यापीठाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आजच्या संकरित मक्याने नत्र आणि पालाश यांचा सुमारे दोन-तृतीयांश भाग फुलोऱ्यापर्यंतच उचलला. स्फुरद, गंधक आणि जस्त मात्र दाणे भरतानाही मोठ्या प्रमाणात घेतले जात होते. म्हणून प्रत्येक द्रव्याचे घड्याळ वेगळे आहे असे समजून चालावे. आपल्याकडे नत्राचे तीन हप्ते सांगितले जातात, पेरताना, ३० दिवसांनी आणि ४० ते ४५ दिवसांनी. त्यामागचा हिशेब हाच आहे.

लक्षण दिसत नाही म्हणून सारे ठीक, असेही नाही. पानावर रंग बदलण्याच्या बरेच आधी वाढ मंदावलेली असते. ही लपलेली भूक शोधायला तपासणी लागते. मातीचा नमुना शेतातून आठ-दहा ठिकाणचा, इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घेऊन, २० सेंटिमीटर खोलीपर्यंतचा घ्यावा. झाडाखालचा, उकिरड्याजवळचा, बांधालगतचा नको. एक बारीक पण महत्त्वाची बाब : नमुना जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याच्या बादलीत गोळा करू नका. बादलीचे जस्त मातीत उतरते आणि अहवालात जमीन श्रीमंत दिसते. प्लास्टिकची बादली वापरा. सूक्ष्म द्रव्यांसाठी डीटीपीए ही पद्धत १९७८ पासून रूढ आहे. जस्त ०.६ आणि लोह ४.५ पीपीएमपेक्षा कमी असेल तर आपल्याकडे उणीव धरतात. स्फुरदासाठी चुनखडीच्या जमिनीत ओल्सेन यांची १९५४ ची पद्धतच योग्य. ब्रेची आम्ल पद्धत अशा जमिनीत खरे चित्र दाखवत नाही. अहवालावर पद्धतीचे नाव आहे की नाही, हे पाहण्याची सवय विद्यार्थ्याने लावून घ्यावी.

पानाची तपासणी करायची तर स्त्रीकेसर बाहेर पडतानाच्या दिवसांत कणसाजवळचे पान घेतात. त्यात नत्र साधारण २.७ टक्क्यांच्या वर आणि जस्त २० पीपीएमच्या वर असावे. पण या आकड्यांपेक्षा मला तुलना अधिक भरवशाची वाटते. फिक्या तुकड्यातली पाने आणि त्याच शेतातल्या हिरव्या तुकड्यातली पाने, एकाच दिवशी, वेगवेगळ्या पिशव्यांत, सोबत दोन्ही ठिकाणची माती. लोहाच्या बाबतीत तर एकट्या पानाचा अहवाल फसवतो. पिवळ्या पानातही एकूण लोह हिरव्या पानाएवढे निघू शकते, कारण ते पानात असते पण उपयोगात येत नसते. पानावरची धूळ धुतली नाही तर तिच्यातले लोहही मोजले जाते.

दुरुस्तीचा विचार आकड्यांपासून सुरू करावा. मक्याला आपल्याकडे हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ४० किलो पालाश अशी शिफारस सर्वसाधारणपणे केली जाते. आता २ टक्के युरियाची फवारणी घ्या. हेक्टरी ५०० लिटर पाण्यात १० किलो युरिया, म्हणजे ४.६ किलो नत्र. १२० च्या गरजेसमोर हे जवळजवळ काहीच नाही. फवारणीने पान दोन दिवसांत तजेलदार दिसते, पण पिकाचे पोट भरत नाही. तीच फवारणी जस्ताची घ्या. अर्धा टक्का झिंक सल्फेट, ५०० लिटरला अडीच किलो, त्यात २१ टक्के जस्त म्हणजे सव्वापाचशे ग्रॅम. मक्याचे चांगले पीक हेक्टरी जस्त घेते ते काही शे ग्रॅमच. इथे फवारणी खरोखर गरजेच्या तोलाची आहे. मुख्य द्रव्ये जमिनीतून, सूक्ष्म द्रव्ये फवारणीनेही, हा नियम या एका हिशेबातून निघतो.

झिंक सल्फेट नुसते फवारले तर पाने पोळतात. म्हणून त्याच्या निम्म्या वजनाचा विरलेला चुना वेगळ्या पाण्यात कालवून, गाळून, त्यात मिसळतात. जमिनीतून द्यायचे तर हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट पेरणीपूर्वी. त्याचा परिणाम पुढची दोन-तीन वर्षे टिकतो, दरवर्षी देण्याचे कारण नाही. ते डीएपीत मिसळून पेरू नये. जस्त आणि स्फुरद यांचे न विरघळणारे संयुग बनते आणि दोन्ही अडकतात. अशी मिश्रणे सर्रास केली जातात आणि त्यात हकनाक पैसा जातो, याची मला मनापासून हळहळ वाटते.

लोहाचे गणित वेगळे. चुनखडीच्या जमिनीत फेरस सल्फेट मातीत टाकले तर थोड्याच दिवसांत ते पुन्हा न मिळणाऱ्या रूपात जाते. शेणखतात मुरवून दिले तर काही फरक पडतो. ईडीटीए चिलेट अशा सामूला तग धरत नाही, ईडीडीएचए धरते, पण ते महाग पडते. म्हणून अर्धा ते एक टक्का फेरस सल्फेटची फवारणी, आठ-दहा दिवसांनी पुन्हा, कारण लोह जुन्या पानातून नव्या पानात जात नाही. पालाशाविषयी आपल्याकडे एक समज आहे की काळ्या जमिनीत तो भरपूर असतो, देण्याची गरज नाही. दाणे विकून कडबा शेतात परत जात होता तोवर हे बरेच चालून गेले. मक्याने घेतलेल्या पालाशाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग ताट आणि पानांत असतो. मुरघासासाठी सबंध झाड कापून नेले की तो सगळाच शेताबाहेर जातो. दुधाच्या धंद्यामुळे मुरघास वाढला आहे. तिथली माती दर दोन-तीन वर्षांनी तपासावी आणि गोठ्यातले शेण त्याच शेतात परत न्यावे.

शेवटी पद्धतीचा एक आग्रह. कोणताही उपाय करताना शेतात एक पट्टा मोकळा ठेवावा, सहा ओळींचा, या बांधापासून त्या बांधापर्यंत. त्याच्या दोन्ही टोकांना खुणेचे दांडके रोवावे आणि घरातल्या सर्वांना तो पट्टा कोणता हे सांगून ठेवावे, नाहीतर दुसऱ्या फवारणीला तोही भिजतो. आठ दिवसांनी रंग पाहावा, पण निकाल तिथे लावू नये. काढणीच्या वेळी त्या पट्ट्यातल्या मधल्या दोन ओळी आणि शेजारच्या उपाय केलेल्या दोन ओळी, सारख्या लांबीच्या मोजून, वेगवेगळ्या खुडाव्यात. कणसे मोजावीत, दाणे काढून वजन करावे, आणि दोन्ही ढिगांचा ओलावा एकाच यंत्रावर तपासून वजन सारख्या ओलाव्यावर आणावे, कारण उशिरा पिकलेला हिरवा ढीग पाण्यामुळेच जड भरतो. फरक, पेरणीची तारीख, वाण, पाऊस आणि खर्च एका वहीत लिहावा, आणि पुढच्या हंगामात तोच पट्टा दुसऱ्या जागी घ्यावा.